दम धर

सुलवाड्याच्या बंधाऱ्यात, सातव्या दरवाज्याखाली
हेमराज भोई रबराची पट्टी चाचपत होता.
पाणी गढूळ, हाताला हात दिसेना.
गाळात पाय रुतला, दचकला,
आणि एका दमात वर आला,
बापाने शिकवलं तसा, ओठ मिटून.

बापाच्या काळी पाठीवर सिलिंडर नव्हता.
छातीत मावेल तेवढीच हवा खाली न्यायची,
तेवढीच वर आणायची.
ही हवा निराळी, दाबून भरलेली.
वर येताना फुगते, वाट मागते.
नाही दिली, तर फुफ्फुस फाडून रक्तात शिरते,
रक्ताबरोबर डोक्यात.

काठावर मुखवटा काढून म्हणाला, "आज भाकर..."
आणि शब्दाच्या मध्यावर तोंड वाकडं झालं.

सोनगीरवरून आडवाच आणला, उशी न देता,
तोंडावर ऑक्सिजन.
आमची टाकी शुगरवाल्यांच्या न भरणाऱ्या जखमांसाठी.
दुपारचा नंबर जिभाऊ पाटलांचा.
ते पायाचं बँडेज सावरत उठले,
"आधी त्याले घ्या."

डॉक्टर त्याच्यासोबत आत. मी बाहेर, काट्यापाशी.
माझा बाप भुसावळच्या शेडात बॉयलर राखायचा.
म्हणायचा, काटा नुसता बघू नको,
लोखंड काय बोलतं ते ऐक.
दार आवळलं. हवा सोडली. लोखंड बोलू लागलं.
साठ फूट.
तीस फुटांवरून आलेल्या माणसाला
मी दुप्पट खोल बुडवलं,
नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या धुळ्याच्या एका गल्लीत,
थेंबभर पाण्याशिवाय.

बुडबुडा दिसत नाही.
मोहरीएवढा असेल. त्याहून बारीक.
एवढ्याशा रिकामपणाने
अख्खा डावा हात पुसून टाकलेला.

बाकाच्या कडेला सुपडू भोई, धोतर अजून ओलं.
"मीच शिकाडं त्याले," म्हणाला,
"दम धर, पोरा, दम धर."
त्याला धीर द्यायला माझ्या तोंडी
नेमके तेच दोन शब्द आले.
गिळले.

पावणेपाच तासांचं काम.
विसाव्या मिनिटाला काही नाही.
चाळिसाव्याला डाव्या अंगठ्याने चादर ओढली,
काचेपलीकडून डॉक्टरांनी मला ते बोटाने दाखवलं.
सुपडूला मी लगेच सांगितलं नाही.
एका अंगठ्यावर किती सांगायचं?

मग तीस फूट, आणि तिथेच बराच वेळ.
संध्याकाळी आतल्या माइकवर आवाज आला, जीभ जड:
"उनू का मी वर?"

काटा तिसावर थरथरत होता.
अजून नाही, म्हटलं.
घाई नको.
श्वास सोडत सोडत ये.