विनंती थांबा

म्हसरूळ मागे पडलं तशी
फळीवरची पातेली बोलायला लागली.
"टॉवेल कोंब मधे," हे म्हणाले. कोंबला.
झाकणं गप्प झाली, डब्यातली डाळ नाही झाली,
आणि टाकीतलं पाणी प्रत्येक गतिरोधकावर
आमच्यानंतर अर्ध्या क्षणाने उडी मारत राहिलं.

ही गाडी आधी शाळेची मुलं न्यायची.
पिवळा रंग खरवडला, तरी दाराच्या बिजागरीपाशी
उरलाच थोडा, हळद नखात उरते तसा.
आत आता एक बिछाना, एक शेगडी,
नायलॉनच्या दोरीने जखडलेला सिलिंडर,
आणि ह्यांची कारखान्यातली पाणसळ:
काचेच्या नळीत एक बुडबुडा,
पस्तीस वर्षं ह्यांनी मधोमध ठेवलेला.

ह्याच रस्त्यावर बावीस वर्षं मी तिकिटं दिली.
ढकांबे, अक्राळे फाटा, दिंडोरी, लखमापूर फाटा, वणी.
कोण कुठे उतरतं, कुणाजवळ सुटे नसतात,
कुणाच्या पिशवीत कोंबडी आहे, सगळं पाठ.
फाट्याच्या आत काय आहे, ते मात्र विचारू नका.
माझा मुलूख पायरीपर्यंत.
एक टोला, थांब. दोन टोले, चल.

आज लखमापूर फाट्याच्या आत वळलो.
आत काय, तर एक पाट,
पाटावर धुण्याचा दगड, मधे खोलगट झालेला,
आणि द्राक्षांच्या ओळीच ओळी, शेवटी एक निळी ताडपत्री.
बाया कात्रीने घड उतरवत होत्या,
बाळाला आंघोळ घालून उचलावं तसे, खालून हात देऊन.
बस्स, एवढंच. आणि मी खिडकीत नुसती बसून राहिले.

ह्यांनी डाव्या चाकाखाली दगड सारला,
"बुडबुडा मधे आल्याशिवाय चहा नाही."

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली,
दारात उभी राहिली, डोळे वर करून म्हणाली,
"आधी डावा बघा. डाव्यानं लई झावळं दिसतं."
मी म्हटलं, "आजी, ही डोळ्यांची गाडी नाही.
जरा मागे सरका, लागेल दार."

ती मागे सरकली नाही.
"परत बोल," म्हणाली.
"काय बोलू?"
"मागं सरका म्हण."

भिवराबाई गांगोडे. मला नाव आत्ता कळलं.
तिला माझा आवाज तेव्हापासून माहीत.
"शेवटच्या गाडीची मास्तरीण तू.
वणीच्या स्टँडावर मी पळत आले होते,
लेकीचं बाळंतपण, डिंकाचे लाडू डोक्यावर,
दांडीला हात लागला माझा,
आन् तू दोन टोले दिले."

मला आठवत नाही.
खरंच आठवत नाही. किती संध्याकाळी,
किती हात दांडीला, आणि गाडी सात मिनिटं उशिरा.
"मग?" मी विचारलं.
"मग काय. चालले."

चहा झाला. बुडबुड्याचं कुणी विचारलं नाही.
तिने बशीत ओतून प्यायला, साखर पुन्हा मागितली.
माफ केलं असं काही म्हणाली नाही,
मीही तो विषय पुढे ढकलला नाही.
"वणीला जायचंय का?" हे म्हणाले.
"जायचंच होतं," ती म्हणाली,
आणि आमच्या बिछान्यावर बसली, काठी मांडीवर आडवी,
सिलिंडरच्या दोरीला घट्ट धरून.

आज कुणाकडून पैसे घ्यायचे नव्हते,
तरी माझा हात खांद्यावरची पिशवी शोधत होता.
वणीच्या अलीकडे, जिथे थांबाच नाही
अशा एका बाभळीपाशी ती म्हणाली, "हितं."
मी बोटाच्या पेराने पत्र्यावर एकदा वाजवलं.
ती उतरली. दुसरा पाय जमिनीला लागला.
पदर सावरून झाला. काठी सापडली.
पाठमोरी, डावीकडे जरा झुकून चालत
ती बांधाआड जाईपर्यंत मी दुसरं काही वाजवलं नाही,
आणि ह्यांनीही विचारलं नाही, निघायचं का.

रात्री चणकापूरच्या धरणाशी उभे आहोत.
नांदुरीचा घाट दिव्यांची एक ओळ होऊन आठवतोय.
पाण्यावर कुणाची तरी बॅटरी हलतेय, मासे धरणारा असेल.
हे खाली वाकून दगड शोधतायत,
बुडबुडा थोडा डावीकडे आहे.

"राहू दे," मी म्हटलं, "आज असंच झोपू."
रात्रभर टाकीतलं पाणी
एकाच कोपऱ्यात गोळा झालेलं.