घसारा

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या तळघरात
आम्ही सहाजण. बाहेर उणे एकोणीस.
राइली हिशेबतपासनीस होती, आता निवृत्त.
सुतारासारखी पेन्सिल कानावर खोचून येते
आणि उत्तर म्हणून कधी देत नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, कुठला शेअर घेऊ?
म्हणाली, आर्मस, हा प्रश्न नव्हे,
हे दुसऱ्याच्या ताटातला घास मागणं झालं.
पुढच्या आठवड्यात विचारलं, वाढेल का?
म्हणाली, ते हवामानखात्याला विचार.
तिसऱ्या खेपेला मी गप्पच बसलो.
तेव्हा तिने मला पहिल्यांदा कॉफी ओतली.

मग हळूहळू लागलं वळण.
अहवाल उलटा वाचायचा, शेवटाकडून:
आधी टिपा, मग कर्ज, मग रोकड कुठून आली ते,
आणि अध्यक्षांचा हसरा फोटो
वेळ उरला तर.

मार्च उजाडला, तरी नदी गोठलेलीच.
राइलीने टेबलावर एक जुना अहवाल ठेवला,
हिरवं मुखपृष्ठ, त्यावर देवदार.
आमच्या कागदगिरणीचा. एकोणीस वर्षांपूर्वीचा.
ही प्रत माझ्याही घरी आली होती,
अकराशे शेअर होते ना माझ्या नावावर.
सौनातल्या बाकाचा एक पाय लंगडा होता,
त्याखाली ती अगदी मापात बसली.

पान एकाहत्तर, टीप चौदा. मोठ्याने वाच, म्हणाली.
घसारा: त्रेचाळीस दशलक्ष.
नव्या यंत्रांवर खर्च: सहा.
आदल्या वर्षी चाळीस, आणि नऊ.
त्याच्या आदल्या वर्षी

आणि मला ऐकू आलं
तीन नंबरच्या मशीनचं डावीकडचं बेअरिंग,
जे सप्टेंबरपासून दातओठ खात होतं.
चार अर्ज केले होते मी नव्यासाठी.
चारही वेळा एकच शेरा: ग्रीस लावा.

एकतीस वर्षं मी घसारा बोटांनी पुसला,
नखांत भरून घरी नेला,
बायको म्हणायची, त्या हातांनी पावाला हात लावू नकोस.
त्याला ताळेबंदात स्वतःची ओळ असते,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
एका हातात अर्ज, एका हातात शेअर,
आणि हे दोन हात कधी एकमेकांशी बोलले नाहीत.

गिरणी बंद झाली तेव्हा
आम्ही नशिबाला बोल लावला, मग सरकारला,
मग दारू संपली.

राइलीने विचारलं, तेव्हा हे वाचलं असतंस
तर विकले असतेस?
मी खरं ते सांगितलं. नाही.
मेव्हणा पाळीवर होता माझ्याच, काय म्हणाला असता?
तिने पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली:
हे लिही. आकड्यांच्या आधी लिही.

आता एक कंपनी डोळ्यांत भरली आहे.
लिफ्टचे सुटे भाग बनवते. कर्ज बेताचं,
पाच वर्षं घसाऱ्याहून जास्त पैसा यंत्रांत घातलेला.
वहीत चार रकाने आखले:
तारीख. भाव. का.
आणि चौथा, ज्यावर सगळा वर्ग अडतो:
मी चुकलो, हे मला कशावरून कळेल?

चौथा रिकामा ठेवून गुरुवारी बस पकडली.
दोन तास. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी उभा राहिलो,
थंडीत टोपी काढून, कान उघडे टाकून.
आत सगळं लोण्यासारखं चाललं होतं.
फक्त दर अकरा फेऱ्यांनी एक टक.
पुन्हा मोजलं. अकरा. टक.

पहारेकरी आला, पोरगेलासा, नाकात बाळी.
आजोबा, इथे काय करताय?
म्हटलं, त्या कोपऱ्यातलं यंत्र किती वर्षांचं आहे?

तो माझ्याकडे बघत राहिला,
मग त्यानेही टोपी कानांवरून वर सारली.
म्हणाला, तुम्हालाही ऐकू येतं?