पाटी

अब्बा डेपोत पाट्या रंगवायचे.
पत्र्यावर आधी खडूचा दोरा ताणून शिरोरेषा,
मग एकेक अक्षर तिला खाली लटकवायचं,
जशी संध्याकाळच्या गाडीत माणसं
दांडीला लटकतात तसं.
"दस्तगीर, रेघ वाकडी आली की गाडी उशिरा सुटते,"
असं साहेब एकदा गमतीनं म्हणाले.
अब्बांनी ते आयुष्यभर खरं धरलं.

मी वाचायला शिकले ती पाट्यांवरच.
शाळेत बाई म्हणाल्या, ग गणपतीचा.
मी म्हटलं, ग सांगलीचा, मधला.
कु कुपवाडचा, बु बुधगावचा,
मा माधवनगरचा, मिलचा भोंगा वाजला की भरून येणारा.
ज्ञ कुठल्याच गावात नव्हता.
तो मला अजून नीट काढता येत नाही.

तेव्हा दोनतीन नाकाड्या गाड्या उरल्या होत्या,
पुढं इंजिन काढलेल्या, रुसल्यासारख्या.
थंडीत हँडल मारून उठवायच्या.
नंतरच्या गाड्यांचं इंजिन आत आलं,
ड्रायव्हरशेजारी, रेक्झिनच्या झाकणाखाली,
आणि मिशन हॉस्पिटलला डबे नेणाऱ्या बायका
डबे त्या झाकणावर ठेवू लागल्या.
विश्रामबाग येईतो आमटीचा वास गाडीभर.
कोण आजारी आहे ते कुणी विचारायचं नाही.
फक्त उतरताना बाजूला सरकायचे सगळे.

हरिपूरच्या गाडीला मगदूम कंडक्टर.
रस्त्याच्या चिंचा खिडकीतून हाताला लागायच्या,
आणि हळदीच्या हंगामात
सीट पिवळी, दोरी पिवळी,
सुट्टे पैसे पिवळे, मगदूमांचा कान पिवळा,
कारण पेन्सिल तिथं खोचलेली.
मिरजेच्या फेरीत एकदा
कुणीतरी तंबोरा आणला, कापडात गुंडाळलेला,
सीटवर टेकवला.
मगदूम म्हणाले, "अर्धं तिकीट."
"अहो, भोपळा आहे तो."
"बसलाय न्हवं? मग अर्धं."
आणि खरंच टिकटिक करून फाडलं.
तंबोरेवाल्यानं ते तिकीट तारांत खोवलं.
कृपामयीपर्यंत गाडीत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

अब्बा निवृत्त झाले त्या दिवशी
एक बाद पाटी घरी घेऊन आले.
एका बाजूला मिरज, दुसऱ्या बाजूला सांगली.
अम्मीनं ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली.
तीस वर्षं आम्ही मिरज उचलून पाणी प्यालो.
अब्बा गेले, अम्मी गेली,
डेपोत इलेक्ट्रिकची अक्षरं आली,
लाल ठिपक्यांची, सरकत जाणारी.
त्यांना शिरोरेषा असते,
पण ती कुणी ओढलेली नसते.

मग तो पूर.
कृष्णा जिना चढून चौथ्या पायरीवर बसली,
सहा दिवस हलली नाही.
आम्ही परत आलो तेव्हा
गादी कुठली, कपाट कुठलं, काही कळेना.
सगळ्याला एकच रंग.
पाटी मोरीच्या दाराशी उभी अडकलेली.
काथ्या घेऊन घासायला बसले.
आधी वेलांटी निघाली.
मग र. मग ज.
ऑइलपेंट अब्बांचा, नख लावूनही सुटला नाही.
मी उगीचच घासत राहिले,
बाकीचं घर तसंच टाकून.
मग उलटून सांगली धुतली
आणि वाळायला दारावर टांगली.

गल्लीत सगळ्यांचं सामान बाहेर.
काठी टेकत एक म्हातारा आला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
दारासमोर थांबला.
"उलटी लावलीयस की गं पोरी.
सांगलीत उभं राहून सांगलीला जाणार व्हय?"
कानाकडं बघितलं तेव्हा ओळखलं मी.
पिवळा नव्हता आता. नुसता म्हातारा कान.

मगदूमांनी पाटी काढली,
सवयीनं, एका हातानं, न बघता,
फिरवली आणि परत अडकवली.
मिरज.
मग चिखलानं फुगलेल्या आमच्या भिंतीवर
पंजानं दोनदा थापटलं.

घर काही हललं नाही.
आम्ही दोघं तरी
थोडा वेळ चौकटीला धरून उभे होतो.