भाकरीचं घर

चर्चच्या पूर्वेला एक ठेंगणी खोली आहे,
तिला इथे बेथलेहेम म्हणतात. भाकरीचं घर.
रविवारच्या पवित्र भाकरीचं पीठ
हाफ्तोम इथेच मळतो, उजाडायच्या आत,
चौदा वर्षांचा, तोंडाला फडकं बांधून,
पिठाला श्वाससुद्धा लागू नये म्हणून.

पंचावन्न दिवसांच्या उपासाचा एकेचाळिसावा दिवस.
दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही,
दुपार कलेपर्यंत पाणीही नाही.
यंदा गावाला नियम पाळणं सोपं गेलं.
गाई पावसाळ्याबरोबरच गेल्या, कोंबड्या त्याआधी,
आणि तेफ, खसखशीहून बारीक ते धान्य,
एक दाणा हातातून निसटला तर शोधायला देवच हवा,
ते शिपायांनी पोत्यांसकट नेलं, उरलं ते जाळलं.
दोन्हीकडचे शिपाई. दोघांच्याही गळ्यात क्रूस.

लेतेब्रहान विहिरीवर म्हणाली,
"पूर्वी उपास कधी सुटणार ते माहीत असायचं.
आता कुठला दिवस उपासाचा आणि कुठला नुसताच,
तेवढं तरी सांगा, अब्बा."
अब्बा वोल्देआब काही बोलले नाहीत.
तिची घागर तिच्या पाठीवर चढवून दिली,
दोरी नीट बसली का पाहिलं.

मी ज्या भाषेत हे लिहितो आहे तिच्यात
उपास आणि उपासमार यांत दोनच अक्षरांचं अंतर.
उपास माणूस स्वतः धरतो.
मार कुणीतरी मारावा लागतो.
आपण मात्र कर्ता गाळून बोलतो:
उपासमार झाली.
जशी संध्याकाळ झाली.

त्या रविवारी भाकरी लहान निघाली,
वरचा क्रुसाचा ठसा कडेबाहेर गेलेला.
अब्बांनी उचलली आणि हाताला कळलं,
चाळीस वर्षं तेच वजन उचललेला हात.
हाफ्तोम पाया पडला. रडला नाही.
"कच्चंच खाल्लं. एक मूठ. फडकं सोडून.
दुसरी मूठ धाकटीसाठी खिशात टाकली,
खिशाला भोक होतं."
मग खालीच बघत विचारलं,
"त्याला दिसत नाही का, अब्बा?"

अब्बा म्हणाले, "दिसतं. म्हणून तर तुला डोळे दिलेत.
जा, कुठल्या कुठल्या घरातून धूर निघत नाही, मोजून ये.
हेच तुझं प्रायश्चित्त."
एवढंच. मलाही हे उत्तर पुरलं नाही,
आणि त्यांना तरी पुरलं असेल असं वाटत नाही.
ती लहान भाकरी त्यांनी इतकी बारीक मोडली
की जिभेवर ठेवल्यावर कित्येकांना कळलंच नाही.

मी तेव्हा तेकेझे नदीपलीकडे होतो,
एकशे दहा पोत्यांच्या सावलीत,
पावत्या लिहिणारा माणूस.
दोन सह्या होत्या, तिसरी हवी होती.
नऊ दिवस मी वरिष्ठांना कळवत राहिलो:
सही झाली नाही.
दोन वेळा जेवत होतो. मसूर, कधी टोमॅटो.
झोपताना प्रार्थनाही करायचो,
की देवा, काहीतरी कर.

दहाव्या दिवशी ट्रक चढावर आला तेव्हा
अब्बांनी स्तोत्रांची चामडी वही उघडून दाखवली.
समासात आकडा: त्रेसष्ट.
त्याखाली लहान अक्षरात काही नावं,
ज्यांना आता पोत्याची गरज नव्हती.
मी वाट पाहिली, आता मला काहीतरी बोलतील.
त्यांनी माझं नाव विचारलं,
दोनदा म्हणवून घेतलं, उच्चार जमेपर्यंत,
आणि लिहिलं त्याच समासात,
आकड्याच्या आणि नावांच्या मधे उरलेल्या जागेत.
"रविवारी घेऊ," म्हणाले.

कुणासाठीच्या प्रार्थनेत, ते मी विचारलं नाही.

पोती उतरवताना हाफ्तोमने मला वाट दाखवली,
बेथलेहेमपासून त्याच्या घरापर्यंतची.
पीठ कुठेच नव्हतं.
मुंग्यांनी सगळं नेलं होतं, आणि तो म्हणाला,
कणन् कण,
एकमेकींना वाट देत.