पडद्याचे एकशेचाळीस मार्क

पगाराच्या वह्या माझ्याकडे होत्या
वुपरटालच्या त्या फितींच्या कारखान्यात,
एकोणीस वर्षं.
कोणाला किती, ते मला ठाऊक,
आणि ते जिभेवर येऊ द्यायचं नाही, हेही.

सत्त्याऐंशीच्या मार्चात केस्टिंगसाहेबांनी
माझ्या टेबलावर एक खोकं आणून ठेवलं.
काळी काच, हिरवी अक्षरं,
चालू केलं की शिळ्या फ्रीजसारखं घुमायचं.
हागेनला दोन दिवसांचं शिक्षण,
दुपारी बटाट्याचं सूप, शेवटी एक प्रमाणपत्र.
महिनाअखेरीस सगळ्यांचे पगार त्यात भरले.
माझाही भरला.
एकशेचाळीस मार्क जास्त.
वाटलं, बोट घसरलं असेल.
कागद पुन्हा पाहिला. साहेबांची सही होती.

ॲनेग्रेट त्याच खोलीत, खिडकीशी,
मालाच्या पावत्या हाताने लिहायची.
अक्षर असं, की छापखान्याने लाजावं.
आम्ही एकाच वर्षी लागलो, एकाच पगारावर;
बरणीतली आंबवलेली काकडी
रोज अर्धी-अर्धी.
आता तिचा आकडा मीच भरायचे
आणि तिच्याकडे बघायचं टाळायचे.
बोलले नाही. काकडीचा मोठा तुकडा मात्र
तिच्याकडे सरकवू लागले.
चौथ्या दिवशी तिने विचारलं, "किती?"
सांगितलं.
हातातली पावती तिने पुरी केली, पेनाला टोपण लावलं.
"बोटं तीच ना गं तुझी?"

मग नुर्तेन आली, जादा तासांचा हिशेब विचारायला.
केसांत रेशमाची कसपटं, कानांत अजून मागाचा खडखडाट,
म्हणून मोठ्याने बोलायची.
"हे काय करतं?"
हागेनचे मास्तर म्हणाले होते तेच मी म्हणाले:
आत फक्त असतं किंवा नसतं. बाकी सगळं त्यावरून.
ती हसली.
तिच्या मागावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरायची.
भोक असेल तिथे धागा वर,
नसेल तिथे खाली,
आणि खालून गुलाब विणून यायचा,
कुणाच्या तरी लग्नाच्या फितीवर.
"मग मी एकवीस वर्षं काय चालवतेय?"
पडद्यावर तिचं नाव काढलं:
अक्सॉय, नुर्तेन. गट तीन. यंत्रावरील हात.
"डोकं" असा रकाना नव्हता.
जादा तास तेवढे बरोबर निघाले.

रात्री मी स्वतःशी वाद घालायचे.
हुशार म्हणून मला यंत्र मिळालं,
की यंत्र मिळालं म्हणून मी हुशार ठरले?
नाताळच्या मेजवानीत, दुसऱ्या ग्लासानंतर,
साहेबांनाच विचारलं: मीच का?
त्यांनी खरंच आठवून पाहिलं.
"तुमचं टेबल प्लगजवळ होतं."

एकोणनव्वदीत ॲनेग्रेट भरपाई घेऊन गेली.
जाताना पेन माझ्या खणात ठेवून गेली, न सांगता.
एक्क्याण्णवात प्रत्येक टेबलावर खोकं आलं,
आणि नवीन मुलींना त्याचा एक मार्कही जास्त नाही:
ते तर यायलाच हवं, म्हणे.
माझे एकशेचाळीस पुढे कुठल्याशा पगारवाढीत
"समाविष्ट" झाले. तो शब्द मीच टाइप केला.

आता कधी नदीवरच्या लटकत्या गाडीतून जाते.
कारखान्याचे फ्लॅट झालेत, गॅलऱ्यांत सायकली.
ॲनेग्रेटची खिडकी अजून ओळखू येते.
प्लगची भिंत बाहेरून दिसत नाही.