वायसरखाली

सुभान तडवी फ्लँज घेऊन आला
रावेरहून, सकाळच्या एसटीने, गोणपाटात बांधून.
नऊ किलो.
कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट फाडलं होतं,
तेही त्याने टेबलावर ठेवलं, पुरावा म्हणून.

"वरून पाहा, मॅडम. तोंड दिसतं."
दिसत होतं. माझं, आणि मागचा पंखा.
मग त्याने वायसर काढला.
खाली एक गोल, बांगडीएवढा,
काळपट, कडेला तांबूस,
सुई घातली तर थांबायचं नाव नाही.

पंप संगमाखाली, खाऱ्या पाण्यावर.
सहा दिवस केळीला पाणी नाही, आणि महिना मे.
साहेबांचा शेरा एका ओळीचा:
फिटरने बोल्ट ढिले ठेवले.

जळगावात आमच्या प्रयोगशाळेत एकच एसी,
तोही यंत्रासाठी. यंत्राच्या कृपेने आम्ही दोघं गारव्यात.
त्याच पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा कापला,
सहाशेच्या कागदावर घासला, अॅसिटोनने पुसला,
टेफ्लॉनचा वायसर लावून आवळला
पाना टक् म्हणेपर्यंत.
काचेच्या भांड्यात त्याच बोअरचं पाणी,
प्लॅटिनमची तार,
आणि संदर्भाचा इलेक्ट्रोड, जो स्वतः काही करत नाही,
फक्त सांगतो कोण किती खाली आहे.
(प्रत्येक भावकीत अशी एक आत्या असते.)

पहिला तास नुसतं बसू द्यायचं.
धातूला पाणी कळू द्यायचं.
"काय पाहू राह्यली व माय, काहीच तं होत नाही."
नाही होत, काका. हेच मोजतेय.

मग सेकंदाला मिलिव्होल्टचा सहावा हिस्सा
चढवत नेलं.
तेवढ्या वेळात त्याला सांगत गेले:
फटीतली हवा आधी संपते.
नवी आत येत नाही, वाट केसाएवढी.
धातू विरघळतो, त्याच्या मागे मीठ ओढलं जातं,
आत लिंबाहून आंबट होतं पाणी.
आणि बाहेरचा चकचकीत भाग?
त्याला काही होत नाही.
आतून सुटलेली वीज तोच घेतो.

तो बराच वेळ गप्प होता.
"म्हणजे वरचं चांगलं राहतं, ते खालच्यामुळं."
मी म्हटलं, जवळजवळ.

साडेतीनला लाइट गेली. यूपीएसने वीस मिनिटं ओरडून मान टाकली.
अर्धी रेघ. अर्ध्या रेघेचं काही करता येत नाही.
रात्री तो मेहरूणला साडूकडे राहिला,
सकाळी माझ्याआधी दारात.

दुसऱ्या दिवशी पूर्ण उतरली.
वर जाताना सपाट, शहाण्यासारखी,
मग एका जागी पाय घसरला आणि विजेचा आकडा धावत सुटला.
परत फिरवली.
परतीची रेघ जिथे जातीला येऊन भेटते
तिथे धातू सावरतो, जखमेवर खपली धरतो.
ही भेटली नाही.
शेवटपर्यंत नाही.

तीन तुकडे केले: सैल, बेताचा, घट्ट.
घट्ट सगळ्यांत आधी खचला.
बिलात जो ग्रेड लिहिला होता
त्याचाही एक तुकडा कपाटातून काढून लावला,
तितकाच घट्ट, त्याच पाण्यात.
तो टिकला.
मी बिल पुन्हा वाचलं. मग पुन्हा आलेख.

"मग माझी चूक काय? घट्ट आवळलं ही?"

याला आलेखात उत्तर नव्हतं.
ढिला सोडला तर गळतो. आवळला तर घुसमटतो.
पत्रा बिलातला असता तर
हा प्रश्न तुम्ही मला विचारलाच नसता, काका,
एवढं म्हणता आलं.

अहवाल इंग्रजीत गेला, अकरा पानं, साहेबांकडे.
वहीचं एक पान फाडून मी त्याला मराठीत लिहून दिलं,
बोल्ट घट्ट होते. खाली सही, शिक्का.
त्याने ते तिकिटाच्या घडीत ठेवलं.

उत्तर अजून आलेलं नाही.
फ्लँज माझ्या खिडकीत आहे.
झाडायला येणाऱ्या मीराबाई त्यात वाकून बघतात,
टिकली सरळ करतात,
त्या काळ्या गोलापासून चार बोटांवर.
वायसर मी परत लावलेला नाही.