ट्यूब बंद करा

नव्या पेठेत काचेवर तीन कॅमेरे.
बोल्ली सांगत होता मेगापिक्सेल.
मी म्हणालो, आधी ट्यूब बंद करा.
"का बे?"
आमच्या मैदानात एवढाच उजेड असतो.
चार हॅलोजन, त्यातला एक लुकलुकता,
आणि रेणुका खांबावरून सूर मारते तेव्हा
माझ्या जुन्या डब्यात नुसती तिची वेणी येते.

पोऱ्यानं अंधारात किल्ल्यांचा जुडगा उडवला.
पहिल्यात धुकं.
दुसऱ्यात किल्ल्या दिसल्या, पण दाणे असे
की फोटोवर शेंगाचटणी सांडलीय.
तिसरा वापरलेला, कोपरा घासलेला,
त्याला एक पॉइंट आठची काच.
जुडगा हवेत. किल्लीचे दात मोजून घ्या.
किंमत ऐकून मी खिसा चाचपला.

नान्ना तोवर गप्प. तीस वर्षं यंत्रमागावर.
म्हणाले, धोट्यामागं डोळे पळवले
की तुटलेला धागा सुटतो.
तो जिथं पोचणार, तिथं आधीच जाऊन बसायचं.

तिसराच घेतला, हप्त्यानं.

शनिवारी रेणुकाकडे पाहिलंच नाही.
रिकाम्या खांबावर नेम धरला,
ती यायच्या जरा आधी बोट दाबलं.

एक हात खांबाला,
दुसऱ्याची बोटं पळणारीच्या पाठीवर.
वेणी अजून वाटेतच.